सोयाबीन उगवलं नाही, दुकानदार म्हणतो पेरा खोल गेला. तक्रार कुठं आणि कशी करायची?

मांजराकाठची | ३० जून, रात्री ११.२०

नमस्कार. मी पुण्यात नोकरीला आहे, आई-अण्णा लातूर जिल्ह्यात गावी असतात. चार एकर कोरडवाहू रान, खरिपात सगळं सोयाबीन. अण्णा दरवर्षी घरचंच बियाणं राखून ठेवतात, पण मागच्या ऑक्टोबरात काढणी झाली आणि गंजीत पाणी शिरलं. तो माल बियाण्याच्या लायकीचा राहिला नाही म्हणून विकून टाकला. त्यामुळं यंदा पहिल्यांदाच सगळं बियाणं विकत घ्यावं लागलं.

तालुक्याच्या गावातल्या एका कृषी सेवा केंद्रातून २५ किलोच्या ५ बॅगा आणल्या. एक बॅग ३,१०० रुपये, म्हणजे १५,५००. दुकानदारानं २ बॅगांची पक्की पावती दिली. उरलेल्या ३ बॅगांचं एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहून दिलं आणि "पक्की नंतर घेऊन जा" म्हणाला. पैसे मात्र सगळे मीच इथून फोनवरून त्याच्या खात्यावर एकदाच पाठवले होते.

१८ आणि १९ जूनला आमच्याकडं चांगला पाऊस झाला. दोन दिवस वापशाची वाट बघून २१ तारखेला ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं पेरणी केली. त्याच दिवशी, त्याच ट्रॅक्टरनं, आमच्या बांधाला लागून असलेलं चुलत्यांचं रानही पेरलं. त्यांचं बियाणं घरचं होतं. आज दहावा दिवस. चुलत्यांच्या रानात तास न् तास, म्हणजे पेऱ्याची ओळ न् ओळ, हिरवं दिसतंय आणि आमच्यात एका मीटरला कुठं चार रोपं, कुठं पाच, कुठं एकही नाही. आईनं व्हिडिओ पाठवला. मी तो ऑफिसात उघडला आणि पुढं तासभर मला कामच सुचेना.

दुकानदार म्हणतो, पेरा खोल गेला. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, ओल कमी होती आणि बीजप्रक्रिया नीट केली नसेल. आज संध्याकाळी दुकानदारानं अण्णांना बोलावून सांगितलं की २ बॅगा फुकट देतो, पण एका कागदावर सही करा. त्यावर लिहिलंय, "माझी बियाण्याबाबत कोणतीही तक्रार नाही."

अण्णा सही करायला तयार आहेत. त्यांचं म्हणणं, कोर्टकचेरीत आपण कुठं पुरे पडणार, आठ दिवसांत पेरणीची घात जाईल, त्यापेक्षा परवाच कुळवाची पाळी घालून दुबार पेरू. गावातले एक जण म्हणाले की शेती हा धंदा आहे, त्यामुळं शेतकरी ग्राहक कायद्यात बसतच नाही. हे खरं आहे का? आणि तक्रार करायची तर रान तसंच पडू द्यायचं का? तसं केलं तर हंगामच जाईल. कृपया कुणी अनुभवी असेल तर सांगा. अण्णांना उद्या सकाळी उत्तर द्यायचंय.

---

बांधावरून | ३० जून, रात्री ११.५२

ताई, झोपायच्या आधी अण्णांना फोन लावा आणि दोनच गोष्टी सांगा. कागदावर सही करू नका, आणि पाहणी होईपर्यंत रानात कुळव घालू नका. बाकीचं सकाळी सविस्तर लिहितो.

---

मांजराकाठची | १ जुलै, रात्री १२.०५

केला फोन. जागेच होते. पाहणीला किती दिवस लागतील, एवढंच विचारत होते.

---

बांधावरून | १ जुलै, सकाळी ६.४०

मी परभणी जिल्ह्यातला. २०२० च्या खरिपात माझी तीन एकर अशीच गेली. त्या वर्षी मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या होत्या, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली होती. त्यामुळं अण्णांच्या मनात आत्ता काय चाललंय ते मला सांगावं लागत नाही. रान मोकळं दिसलं की शेतकऱ्याचा हात आपोआप कुळवाकडं जातो. माझाही गेला होता. धाकट्या भावानं बैल सोडून दिले म्हणून वाचलो.

आज करायचं काम हे. एक साधा अर्ज लिहा, अण्णांच्या नावानं. गट नंबर, क्षेत्र, पेरणीची तारीख, वाण, बॅगेवरचा लॉट नंबर, दुकानाचं नाव, उगवण किती झाली. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडं तो द्या आणि एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याला द्या. दोन्हीकडं तुमच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. नुसतं तोंडी सांगून येऊ नका. साहेब भले असतात, "बघतो, येतो" म्हणतात, पण पोच नसेल तर त्या भेटीची कुठं नोंदच राहत नाही. बियाण्याच्या तक्रारीसाठी तालुका पातळीवर समिती असते. कृषी खात्याचे अधिकारी असतात, विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा शास्त्रज्ञ असतो. ते रानात येऊन पंचनामा करतात आणि अहवाल देतात. पुढं कुठंही जायचं झालं तरी सगळं त्या अहवालावर उभं राहतं.

माझ्याकडं समिती अकराव्या दिवशी आली. तोवर मी रान राखलं, पण सगळं नाही. ज्यांनी मला वाट दाखवली त्यांनी सांगितलं होतं की पाहणी लांबली तर निदान मधला एक पट्टा, बांधापासून बांधापर्यंत, हात न लावता ठेव. मी पेऱ्याच्या दहा-बारा ओळी तशाच ठेवल्या आणि बाकीचं दुबार पेरलं. पण मोडण्याआधी तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला बोलावून, पाच शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन साधा पंचनामा लिहून ठेवला. फोटो काढले तेव्हा विहिरीचं थारोळं आणि लिंबाचं झाड मुद्दाम चौकटीत घेतलं. उद्या कुणी म्हणायला नको की हे रान दुसऱ्याचं. सोयाबीन १५ जुलैपर्यंत पेरता येतं, त्यामुळं तुमच्या हातात अजून दोन आठवडे आहेत. एवढं अण्णांना नक्की सांगा, त्यांना धीर येईल.

दुसरं, बॅगा. पाचही रिकाम्या बॅगा, त्यांचे टॅग, शिलाईचा दोरा तुटला असेल तर तोसुद्धा, सगळं एका पोत्यात बांधून घरात ठेवा. आमच्याकडं बॅगा धुऊन धान्याला वापरायची पद्धत आहे. माझ्या तीन बॅगांपैकी एक आईनं धुऊन मिरच्या वाळवायला वापरली होती आणि तिचा टॅग गेला. त्या एका बॅगेसाठी मला पुढं ग्राहक आयोगात दोन तारखा जास्त लागल्या. पेरताना तळाला मूठभर बियाणं उरलं असेल तर ते सोन्यासारखं जपा.

आता माझं पुढं काय झालं ते सांगतो, कारण तुम्ही विचारलंय की आपण पुरे पडू का.

समितीच्या अहवालात उगवण १८ टक्के आली. कंपनीचा माणूस घरी आला, चहा घेतला, म्हणाला, "काका, पुढच्या हंगामात बियाणं देतो, भरपाईचंही वरती बोललोय." मी त्याच्या शब्दावर दीड वर्ष काढलं. हे मी आजही विसरलो नाही, कारण तक्रार दाखल करायला कायद्यात दोनच वर्षं असतात आणि त्यातली दीड मी एका माणसाच्या आश्वासनावर घालवली. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये वकिलामार्फत नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही. मार्चमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली.

कंपनीनं ४४ व्या दिवशी लेखी म्हणणं दिलं. त्यात तेच: पेरा खोल, पाऊस कमी, बियाणं प्रयोगशाळेत तपासलेलं नाही, आणि शेतकरी व्यापारी हेतूनं पिकवतो म्हणून तो ग्राहक नाही. माझ्या बाजूनं चार गोष्टी होत्या: पावती, टॅग, समितीचा अहवाल, आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांची शपथपत्रं की त्यांनी त्याच आठवड्यात पेरलेलं दुसरं बियाणं उगवलं. दुबार पेरलेल्या रानात मला एकरी ४ क्विंटल झालं, शेजाऱ्यांना साडेआठ. त्या वर्षीचा हमीभाव ३,८८० होता. साडेतेरा क्विंटलचा हिशेब ५२,३८० रुपये होतो, तेवढे मागितले.

निकाल लागायला सव्वादोन वर्षं गेली. कायद्यात तीन महिने लिहिलेत, तसं होत नाही, हे अण्णांना आधीच सांगा म्हणजे मन खचत नाही. आयोगानं बियाण्याची किंमत ७,२०० रुपये, उत्पन्नाच्या नुकसानीचे ४०,०००, मानसिक त्रास आणि खर्चाचे १०,००० असा आदेश दिला. पैसे मिळाले. तेवढ्यात चार वर्षांचं नुकसान भरून निघत नाही. पण त्या आदेशाच्या पहिल्या पानावर माझं नाव "तक्रारदार" म्हणून छापलेलं आहे आणि शेवटच्या पानावर लिहिलंय की बियाणं सदोष होतं. चार वर्षं दुकानात लोक मला ऐकवत होते की तुला पेरता येत नाही. मी वयाच्या सोळाव्या वर्षापासून पाभर धरतोय. तो कागद मी प्लास्टिकमध्ये घालून वडिलांच्या फोटोमागं ठेवलाय.

---

सत्तर_टक्के | १ जुलै, सकाळी ९.१५

कृषी खात्यात तीस वर्षं काढली, अशा कित्येक पाहण्या केल्या. बांधावरून यांनी सगळं बरोबर सांगितलंय. मी फक्त रानातलं सांगतो, कारण "पेरा खोल गेला" याचं उत्तर रानातच असतं.

अण्णांना म्हणावं, समिती येण्याआधी खुरपं घेऊन पाच-सहा ठिकाणी तास हळू उकरून बघा. न उगवलेलं बी सापडेल. ते फुगून कुजलं असेल, दाबलं तर बुळबुळीत होऊन वास येत असेल, तर त्याला ओल मिळाली होती, पण अंकुर फुटायची ताकद नव्हती. ते कोरडं, जसंच्या तसं असेल तर ओल कमी पडली. मोड आलाय पण वर येता येता वाकडा होऊन मातीखाली अडकला असेल, तर पेरणीनंतरच्या पावसानं माती घट्ट बसली किंवा पेरा खरंच खोल गेला. ही तीन चित्रं वेगळी आहेत आणि जाणत्या माणसाला एका नजरेत कळतात. उकरलेलं बी तिथंच हातावर घेऊन, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा.

खोलीचंही तसंच. जी थोडी रोपं उगवलीत त्यांतली पाच-सहा मुळासकट उपटा. मातीखाली असलेला खोडाचा भाग पांढरा असतो, तो मोजा. साधारण तेवढ्याच खोलीवर बी पडलं होतं. सोयाबीन ३ ते ४ सेंटिमीटरवर पेरतात, ५ च्या खाली जाऊ देत नाहीत. आता हेच चुलत्यांच्या रानात करा. एकच ट्रॅक्टर, एकच यंत्र, एकच दिवस, आणि पांढरा भाग दोन्हीकडं सारखाच निघाला, तर खोल पेऱ्याची गोष्ट तिथंच संपते. ताई, तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे, चुलत्यांच्या रानाची. समितीला चुलत्यांच्या बांधावर घेऊन जायचंच. लगतच्या शेताची स्थिती अहवालात नोंदवा असं अर्जातच लिहा.

मोजणीचं गणित असं. एकरी ३० किलोच्या आसपास, १८ इंचावर तास, मध्यम दाणा, म्हणजे एका मीटरच्या तासात साधारण २८ बिया पडतात. बियाणे कायद्याखाली सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे, टॅगवरही ती छापलेली असते. त्या हिशेबानं मीटरला २० च्या आसपास रोपं हवीत. रानातली उगवण प्रयोगशाळेतल्यापेक्षा थोडी कमी येते हे मान्य, पण ४-५ म्हणजे १४ ते १८ टक्के. एवढा फरक पेऱ्यानं पडत नाही.

टॅगवर अजून एक बघा: चाचणीची तारीख आणि वैधतेची तारीख. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा, कंपनीनं स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या सत्यतादर्शक बियाण्याचा हिरवट. पाच बॅगांवर एकच लॉट आहे का दोन, तेही बघा. दोन असतील तर कुठल्या भागात कुठला लॉट पेरला ते अण्णांना आठवत असेल, ते अर्जात यायला हवं.

सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं. काढणीला पाऊस लागला, मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला, गोदामात थप्पी उंच लावली, गाडीतून बॅगा आपटल्या, की अंकुर मरतो आणि वरून दाणा मात्र चांगला दिसतो. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीवर पाऊस पडला आणि २०२० च्या जूनमध्ये बियाणं उगवलं नाही, ते याचमुळं. तुमच्या अण्णांना स्वतःच्या गंजीतलं पाणी दिसलं म्हणून त्यांनी तो माल बियाण्याला ठेवला नाही. विकणाऱ्यानं तेवढी पारख करणं त्याचं कर्तव्यच होतं.

आता दुबार पेरणीसाठी जे बियाणं आणाल त्याची पेरायच्या आधी घरी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे, दहा-दहाच्या दहा ओळी, गुंडाळी करून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. पाचव्या-सहाव्या दिवशी मोजता येतं. एवढे दिवस तुमच्याकडं आहेत.

---

अॅडव्होकेट_ल | १ जुलै, दुपारी २.३०

मी जिल्हा ग्राहक आयोगात वकिली करते. शेतकऱ्यांच्या तक्रारी बऱ्याच चालवल्यात.

"शेतकरी ग्राहक नाही" हे दुकानात ऐकवलं जाणारं वाक्य आहे, कायद्यातलं नाही. व्यापारी हेतूनं घेतलेला माल कायद्यातून वगळलाय, पण स्वतःच्या चरितार्थासाठी, स्वतः कष्ट करून वापरलेला माल व्यापारी हेतूचा धरला जात नाही, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. बियाण्याच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात हा वाद मिटवला. आंध्रातले शेतकरी होते. कॉर्पोरेशनचं म्हणणं होतं की बियाण्यासाठी वेगळा कायदा आहे, ग्राहक मंचाला अधिकार नाही, आणि बियाणं प्रयोगशाळेत तपासलेलं नाही. न्यायालयानं दोन्ही मुद्दे नाकारले. शेतकरी सगळं बियाणं पेरून टाकतो, तपासणीसाठी त्यानं नमुना मागं ठेवावा अशी अपेक्षाच धरता येत नाही, असं त्यात म्हटलंय. नमुना हवा तर कंपनीकडं असतो. बियाणे नियम, १९६८ प्रमाणं विकणाऱ्यानं प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षं ठेवायची असते आणि लॉट संपल्यावरही नमुना वर्षभर टाकून द्यायचा नसतो. म्हणून नोटिशीतच लिहायचं की या लॉटचा राखीव नमुना आणि चाचणीचा अहवाल हजर करा. वर्षाच्या आत लिहिलं तर "नमुना आता नाही" म्हणायला त्यांना जागा राहत नाही. बांधावरून यांनी दीड वर्ष घालवलं त्यात ही बाजू हातची गेली असणार.

पावतीचं घाबरू नका. पक्की पावती न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ प्रमाणंही विक्रेत्यानं बिल द्यायलाच हवं. तुम्ही १५,५०० एका वेळी पाठवलेत. दोन बॅगांचे ६,२०० पक्क्या पावतीवर आहेत, उरलेले ९,३०० म्हणजे बरोबर तीन बॅगा. बँकेचा उतारा, ती चिठ्ठी आणि तीन टॅग एकत्र ठेवले की खरेदी सिद्ध होते. चिठ्ठीवर दुकानदाराचं अक्षर आहे, ती फाडू नका, लॅमिनेशनही करू नका. आज त्याला एक मेसेज करून ठेवा: "२१ जूनला पेरलेल्या ५ बॅगांपैकी ३ बॅगांची पक्की पावती अजून मिळालेली नाही, कृपया द्यावी." तो काहीही उत्तर देवो, ते तुमच्या कामाचं आहे. पैसे तुमच्या खात्यातून गेले असले तरी खरेदी अण्णांसाठी होती, सातबारा त्यांचा आहे. तक्रारदार अण्णाच असावेत.

सहीच्या कागदाबद्दल. "कोणतीही तक्रार नाही" वर सही झाली तर पुढची पहिली तारीख त्या कागदावरच जाईल. दोन बॅगा घ्यायच्याच असतील, कारण दुबार पेरणी थांबत नाही, तर अण्णांनी स्वतःच्या हातानं लिहावं: "२ बॅगा मिळाल्या, नुकसानीबाबत माझी तक्रार कायम आहे." दुकानदार यावर तयार होणार नाही. मग बॅगा राहू द्या. आणि ज्या दुकानातून न उगवणारं बियाणं आलं त्याच लॉटच्या बॅगा परत पेरायच्या का, हाही प्रश्न आहेच.

दाखल करायचं ते विक्रेता आणि उत्पादक कंपनी या दोघांच्या विरोधात. सीलबंद बॅग होती म्हणून दुकानदार सुटतो आणि जबाबदारी कंपनीवर येते असं पुष्कळदा होतं, पण बिल न दिल्याचा मुद्दा त्याच्यावर राहतो. नव्या कायद्यानं तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी हैदराबादची असो नाहीतर इंदूरची. तुम्ही दिलेली किंमत ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. नुकसान कितीही मागितलं तरी मोजायची ती दिलेली किंमत. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती हे सरकारी पोर्टल आहे. वकील लागतोच असंही नाही, पण बियाण्याच्या तक्रारीत समोर कंपनीचा तयारीचा वकील आणि कधी कधी त्यांचा तज्ज्ञ असतो, म्हणून मी अशा प्रकरणात सोबत कुणी जाणकार घ्या असं सांगते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करायला हरकत नाही, तेवढ्यावर कंपनी बोलायला आली तर चांगलंच. पण त्यानं दोन वर्षांची मुदत थांबत नाही.

आदेश झाल्यावर कंपनी ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करू शकते, पण त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

नुकसानीचा हिशेब खरा मांडा. दुबार पेरणी करणार आहात, तर दुसऱ्या वेळचं बियाणं, ट्रॅक्टर, मजुरी, खत यांच्या पावत्या ठेवा, आणि रास झाल्यावर तुमचं व चुलत्यांचं वजन काट्यावर करून त्याच्या पावत्या ठेवा. पूर्ण चार एकरांचं उत्पन्न बुडालं असं लिहून नंतर उलटतपासणीत दुबार पेरणी कबूल करावी लागली, तर चांगली केस हलकी होते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

---

मांजराकाठची | ३ जुलै, रात्री ९.४५

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. मी परवा रात्रीच्या गाडीनं गावी आले.

काल सकाळी अण्णा आणि मी दोन्ही ठिकाणी अर्ज दिला, शिक्का घेतला. पंचायत समितीत सांगितलं की आमच्या मंडळातून आम्ही सातवे. त्याच कंपनीच्या बियाण्याचे आणखी तिघं आहेत, त्यातल्या दोघांचा लॉट नंबर आमचाच. पाहणी सोमवारी ठेवलीये.

संध्याकाळी खुरपं घेऊन रानात गेलो. सहा ठिकाणी उकरलं. पाच ठिकाणी बी फुगून काळं पडलेलं, बोटात धरलं की चिरडत होतं. एका ठिकाणी मोड आलेला पण सडलेला. मग रोपं उपटली. आमच्याकडं पांढरा भाग साडेतीन, चार, साडेतीन. चुलत्यांच्या रानात चार, साडेतीन, चार. अण्णा मोजपट्टी हातात धरून बराच वेळ बांधावर बसून राहिले. मग म्हणाले, "मला वाटायला लागलं होतं, यंत्राची खोली आपणच चुकवली की काय." दहा दिवस हे मनात घेऊन फिरत होते आणि आम्हाला बोलले नव्हते.

दुकानदाराला पावतीचा मेसेज केला. त्यानं उत्तर पाठवलं, "सोमवारी या, देतो." म्हणजे तीन बॅगा विकल्या हे त्यानंच लिहून दिलं, असं समजायचं ना?

एक पट्टा सोडून बाकीचं मंगळवारी मोडायचं ठरवलंय. चुलते त्यांच्या घरच्या बियाण्यातलं तीन एकराला पुरेल एवढं देताहेत. काल रात्री गोणपाटात शंभर दाणे बांधलेत.

शेवटचं विचारते. समिती आल्यावर अण्णांनी काय बोलायचं?

---

अॅडव्होकेट_ल | ३ जुलै, रात्री १०.१०

हो, तो मेसेज पुरावा आहे. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मेसेज डिलीट करू नका आणि हा फोन बदलला तरी जपून ठेवा. त्याच लॉटच्या दोघांशी आजच बोला. तिघांनी मिळून एकच तक्रार द्यायची की वेगवेगळ्या, ते अहवाल आल्यावर ठरवू. तोवर त्यांनाही रान मोडू नका म्हणून सांगा.

---

सत्तर_टक्के | ३ जुलै, रात्री १०.३४

अण्णांनी फार बोलायची गरज नाही. समितीला आधी चुलत्यांच्या रानात उभं करायचं, मग आपल्या. मीटरपट्टी आपली घेऊन जा. मोजणीची ठिकाणं समितीला निवडू द्या, पण प्रत्येक ठिकाणचा आकडा तिथंच तुमच्या वहीत लिहा. कंपनीचा प्रतिनिधी आला असेल तर त्याचं नाव आणि तो हजर होता हे पंचनाम्यात येऊ द्या. नोटीस देऊनही आला नसेल तर तेही लिहायला सांगा.

पंचनामा रानात हातानं लिहितात, घाई असते, अंधार पडत असतो. अण्णांनी सही करण्याआधी तुम्ही तो मोठ्यानं वाचून दाखवा. पेरणीची तारीख, लॉट नंबर, उकरलेल्या बियांचं वर्णन, खोलीचं माप, शेजारच्या रानाची उगवण, एवढं त्यात असलंच पाहिजे. राहिलं असेल तर खाली जागा असते, तिथं लिहून घ्या आणि मगच सही. अहवालाची प्रत मागायचा अर्ज सोमवारीच, तिथंच, त्यांच्या हातात द्या.

---

बांधावरून | ४ जुलै, सकाळी ६.०५

सोमवारी मी येतो ताई. परभणीहून पहाटेची गाडी आहे. गावाचं नाव मला खासगी निरोपात कळवा. माझ्या आदेशाची आणि शेजाऱ्यांच्या शपथपत्रांची झेरॉक्स घेऊन येतो, तुमच्या चुलत्यांना तसंच लिहून द्यावं लागेल.